नारळ माझ्या हातात उभा राहिला

चिकलठाण्याच्या पुढं, जालना रस्त्यापासून आत, आमची मोसंबीची बाग आहे. निजामाविरुद्धच्या पोलीस ॲक्शननंतर आजोबांनी खोदलेली विहीर त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आटली. झाडांची पानं मुडपली. शेवटी वडिलांनी, अण्णांनी, बोअर मारायचं ठरवलं. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती, आणि दुसऱ्यांदा बोलवायची आमची ऐपत नव्हती. पाणी लागलं तर बाग, नाही तर सरपण.

जागा दाखवायला पाणाड्या आला. तळहातावर आडवा नारळ ठेवून हा माणूस अनवाणी रानात फिरतो. खाली पाणी असेल तिथं नारळ उभा राहतो, असा आमच्याकडं सगळ्यांचा विश्वास. मी शहरात कॉलेजला होतो, अंधश्रद्धेविरुद्धच्या सभांमध्ये वाटलेली पत्रकं वाचून पेटलेला.

"लबाडी आहे ही!" मी बांधावरूनच ओरडलो.

म्हातारा पाणाड्या चिडला नाही. "या मालक, तुम्हीच धरा. तुमचा हात तर लबाड नाय ना?"

कडुलिंबापलीकडं त्यानं दगड ठेवून खूण केली होती. नारळ तळहातावर घेऊन, हात स्थिर ठेवून मी तिकडं चालत गेलो. दगडाजवळ पोचलो आणि नारळ थरथरला, शेंडी वर करून ताठ उभा राहिला.

शपथेवर सांगतो, मी काहीच केलं नव्हतं.

"का रं?" अण्णा म्हणाले. "आता कुणाला लबाड म्हणतूस?"

दुसरे लोक कसे फसतात, हे मी शंभर वेळा वाचलं होतं. माझाच हात मला फसवेल, हे कुठल्याच पत्रकात नव्हतं. तरी म्हणालो, "माझे डोळे बांधा."

अण्णांनी उपरण्यानं डोळे बांधले आणि खांद्याला धरून मला रानभर फिरवलं. नारळ पुन्हा उभा राहिला. पट्टी सोडली तर समोर गोठा, दगड लांबच राहिलेला.

"त्या दगडावरून नेलं होतं का मला?"

"दोन-चारदा," अण्णा खाली बघत म्हणाले. "तिथं नारळ निजूनच व्हता."

"डोळे बांधल्यावर देवाला तरी वाट कशी दिसंल?" म्हातारा पुटपुटला. पण तोही हिरमुसला होता. तेव्हा कळलं, तो लबाड नव्हताच. जागा डोळ्यांना ठाऊक असली की बोटं मनाचं ऐकतात, आणि ज्याची बोटं त्यालाच पत्ता लागत नाही.

"मग पाणी कुठंय, ते सांग," अण्णा म्हणाले.

"माहीत नाही."

"माहीत नाय? झाडं मरायला लागलीत अन् तुझं शास्त्र म्हणतंय माहीत नाय?"

मी सांगत राहिलो. खालचा काळा खडक कधीकाळी उकळता रस होता. नवस बोलायला माणूस नव्हता तेव्हापासून तो तिथं आहे. त्याच्या भेगांत पाणी असतं, आणि आपली बाग जगते की मरते हे त्याला ठाऊक नाही. सरकारच्या भूजलवाल्यांना यंत्र घेऊन येऊ द्या. पण त्यांनी पुढच्या महिन्याचा वायदा केला होता. बाग तोवर टिकणार नव्हती, हे मलाही दिसत होतं.

सकाळी अण्णांनी दगडाच्या खुणेवरच बोअर लावला. दुपारपर्यंत नुसता करडा फुफाटा उडत होता. आई डोक्याला हात लावून बसली होती. मग चिखल आला आणि पाठोपाठ पाण्याचा फवारा. माणसं नाचली, मीसुद्धा भिजलो.

अण्णा सगळ्यांसमोर माझ्याजवळ आले. "बोल आता."

होय म्हणणं किती सोपं होतं! बाग वाचली होती, म्हातारा हसत होता, आई डोळ्यांनी विनवत होती.

"पाणी लागलं, आनंद आहे, अण्णा. पण नारळानं सांगितलं म्हणून लागलं, असं मी म्हणणार नाही."

अण्णांनी पाठ फिरवली. त्या दिवशी मी जेवायला थांबलो नाही. ओल्या कपड्यांनीच जालना रस्त्यावर येऊन शहराची बस धरली.