गाडीतली गिटार

"तक्रार नाहीये हं, नुसतं सांगतेय," असं म्हणून ती खुर्ची माझ्याकडे वळवायची आणि मग अगदी मनापासून तक्रार करायची.

"तक्रार नाहीये हं, नुसतं सांगतेय. काल आमच्याकडे पाहुणे आले होते. कुणाचे, ते अजून कुणालाच कळलेलं नाही. जेवून मात्र गेले."

आवाज चढलेला नाही, चेहऱ्यावरची रेघ हललेली नाही. एवढं बोलून खुर्ची परत स्क्रीनकडे. आम्ही दोघी एकाच टीममध्ये सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होतो आणि शेजारी शेजारी बसत होतो. तिचं माहेर नारायण पेठेतलं, दोन खोल्यांचं. सासर धायरीतलं, तीन मजल्यांचं. सासरच्यांच्या शेतावर आता सोसायट्या उभ्या होत्या आणि घरात दीर, जावा, पुतणे, येणारे-जाणारे असा कायम भरलेला संसार होता. माहेरचा तिरकस बोलण्याचा वारसा तिनं हुंड्यासारखा सोबत आणला होता, पण सासरी तो कुणाला कळायचा नाही. तिथे तिला सगळे गरीब स्वभावाची सून समजत. त्यामुळे तो सगळा साठा माझ्या वाट्याला यायचा.

एक दिवस ऑफिसच्या पत्त्यावर तिचं एक लांबट खोकं आलं. टीममधली सगळी मुलं भोवती जमली. तिनं कात्रीनं चिकटपट्टी कापली आणि आतून गिटार काढली. काळी, छोटीशी, आणि मान संपते तिथे पुढे काहीच नाही. नेहमीच्या गिटारीला टोकाशी ते तारा पिळायच्या खुंट्यांचं डोकं असतं ना, ते गायबच. एका मुलानं तर खोक्यात हात घालून चाचपून पाहिलं.

"मॅडम, डोकं पॅकिंगमध्येच राहिलंय वाटतं."

"बिनडोक्याचीच मागवलीय," ती म्हणाली. "डोकेवाल्यांचा अनुभव घेऊन झालाय माझा."

मुलं हसली. ती गिटार फार महागातली नव्हती. नामवंत वादक अशा ज्या महागड्या गिटारी घेतात, त्या गिटारींची ही चिनी, गरीब बहीण. पण तिनं हीच का घेतली ते मला नंतर कळलं. कॉलेजात असताना होस्टेलमधल्या मैत्रिणीच्या गिटारीवर ती शिकली होती. गॅदरिंगला स्टेजवर वाजवलंही होतं. मग नोकरी, लग्न, धायरी. पुन्हा वाजवावंसं वाटायला लागलं तेव्हा तिनं घरात जागा शोधायला सुरुवात केली आणि शोधता शोधता ती अंगणातल्या गाडीपर्यंत पोचली.

कुणाची तरी साधी गिटार मागून आणून तिनं गाडीत बसून पाहिलं होतं. डावीकडच्या सीटवर बसलं की गिटारीचं डोकं खिडकीच्या काचेवर आपटायचं. "म्हणजे प्रश्न फक्त डोक्याचा होता," ती म्हणाली. "ते उडवलं की सगळं बसतं."

तर ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, ती गाडीच्या काचा वर करून, सीट मागे सरकवून गिटार वाजवायची. काडेपेटीएवढा एक ॲम्प्लिफायर गिटारीला खोचलेला आणि त्याला इयरफोन. बाहेर काहीही ऐकू यायचं नाही. तिथल्या सिक्युरिटीवाल्यानं पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याला दिसलं ते एवढंच, की एक बाई मान खाली घालून बसलीय आणि मधूनमधून हलतेय. त्यानं घाबरून काचेवर टकटक केली.

"मॅडम, बरं वाटत नाही का? कुणाला बोलावू?"

तिनं काच खाली केली, गिटार वर उचलून दाखवली. तो पाहतच राहिला. मग म्हणाला, "बरं बरं. चालू द्या." त्यानंतर तो तिच्या गाडीपाशी इतर ड्रायव्हरांना गप्पा मारत उभं राहू द्यायचा नाही.

एकदा तिनं मलाही नेलं. मी स्टिअरिंगमागे, ती शेजारी, इयरफोनचं एक बोंड तिच्या कानात आणि एक माझ्या. समोर सिमेंटचा खांब. मला संगीतातलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. पण त्या खांबाकडे बघत मी जे ऐकलं ते अजून कानात आहे. कुठलं ओळखीचं गाणं नव्हतं, तिनंच जुळवलेलं काहीतरी होतं. हळू निघायचं, पुढे जायचं, आता हे सुटणार असं वाटेपर्यंत जायचं आणि परत पहिल्या सुरावर येऊन टेकायचं.

"पुढे का जात नाही ते?" मी विचारलं.

"पुढचं सुचेपर्यंत सुट्टी संपते," ती म्हणाली, आणि डबा उघडला.

स्वस्त वस्तूची दुखणी त्या गिटारीला होतीच. मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांची टोकं बाहेर आलेली होती, हाताला ओरखडे यायचे. ती नेलकटरच्या कानशीनं ती टोकं घासत बसायची. तारा पिळायच्या खुंट्या या गिटारीला खालच्या बाजूला असतात आणि त्या इतक्या घट्ट होत्या की पक्कड लागायची. तिच्या पर्समध्ये कंगवा, टिकल्यांचं पाकीट आणि पक्कड असायची. सूर जुळवायचं चिमट्यासारखं यंत्र तिनं हौसेनं घेतलं, तर ते लावायचं कुठे? डोक्याला. आणि डोकं नाही.

या गिटारीच्या मालकांचा फोनवर एक ग्रुप होता. गावोगावचे लोक. कुणाच्या खुंट्या घट्ट, कुणाची तार सुटते, कुणाला भिंतीवर टांगता येत नाही म्हणून दुःख. ही त्यात लवकरच जाणती झाली. तेलाचा एक थेंब कुठे टाकायचा, कानस कशी फिरवायची, हे ती सगळ्यांना सांगायची. एकदा तिथे कुणीतरी विचारलं, तुम्ही कुठे बसून वाजवता, फोटो टाका. भराभर फोटो आले. रंगवलेल्या भिंती, निळे दिवे, गच्चीतल्या कुंड्या, कुणाची खास वाजवण्याची खोली. हिनं आपला टाकला. डॅशबोर्डवरचा गणपती, काचेपलीकडे खांब.

ग्रुपवर हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. एकानं लिहिलं, "मॅडम, जोक भारी आहे."

"मग तू काय लिहिलंस?" मी विचारलं.

"मीपण एक हसरा चेहरा टाकला."

आता तुम्हाला वाटेल, घरचे दुष्ट असणार. मला वाटलं होतं तसं. मग एकदा सणाला तिच्या घरी गेले आणि माझी पंचाईत झाली. सगळे इतके मायाळू, की मला आग्रह सोसवेना. सासूबाईंनी गिटारीची कथा मला स्वतःच सांगितली. हिनं ती एकदा हौसेनं घरात नेली होती.

"म्या इचारलं, मुंडकं कुठंय गं ह्याचं? तर म्हणती, नसतंच. म्हणलं, नसतं कसं? बिनमुंडक्याचं कुणी जल्माला घातलंय व्हय? तर म्हणती, चीननं."

सासूबाई स्वतःच पदर तोंडाला लावून हसत होत्या. "असलं घरात बरं दिसत न्हाय बगा. म्हणलं, गाडीत ठिव." आणि लगेच माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी.

नवराही सज्जन माणूस. बांधकामाचं साहित्य पुरवायचा. "वाजव की, कोण नको म्हणतंय?" असं तो माझ्यादेखत म्हणाला. आणि खरंच, कुणीही नको म्हणत नव्हतं. फक्त ती कुठेही बसली की कुणाला तरी तिच्याकडून काहीतरी हवं असायचं. चहा, चावी, पुतण्याचा अभ्यास, आलेल्या बाईला हळदीकुंकू. भांडावं तर कुणाशी?

मग लॉकडाऊन आला आणि आमची ऑफिसं घरात आली. प्रवास वाचला म्हणून आम्ही सगळे खूश होतो. तिला मात्र वरच्या मजल्यावर नेटवर्क मिळेना, म्हणून ती जेवणाच्या टेबलावर कामाला बसली. मीटिंगमध्ये तिच्या मागे कुणीतरी मेथी निवडत असायचं. कुकरच्या शिट्ट्यांनी तिचं वाक्य तुटायचं. "सॉरी, कुकर," म्हणून ती पुढे सांगायची. नंतर नंतर तिनं कॅमेरा लावणंच सोडलं. पुढे कंपनीनं ती इमारतच सोडून दिली. आता कायमचं घरूनच काम, अशी मेल आली. मेल येताच तिनं मला फोन केला. मागून कुणीतरी हाक मारली तशी म्हणाली, "आले हं," आणि फोन ठेवला.

त्या दिवसांत तिला तारलं ते सासऱ्यांनी. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. जमिनी गेल्यापासून आबांना काही काम उरलं नव्हतं. दिवसभर अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून असायचे. गाडी पडून होती, म्हणून एका दुपारी ते म्हणाले, "सूनबाई, गाडी जरा चालू करून ठिव. बॅटरी उतरंल." ही गेली. इंजिन चालू केलं, मागून गिटार काढली, थोडा वेळ वाजवली. दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा म्हणाले, "बॅटरी उतरंल." तिसऱ्या दिवशीही. मग रोजच.

निर्बंध उठल्यावर मी ऑफिसचं काही सामान द्यायला धायरीला गेले, तेव्हा हे प्रत्यक्ष पाहिलं. अंगणात गाडी घरघरत होती. काचा बंद. गाडीकडे पाठ करून, घराच्या दारासमोरच आबांची खुर्ची. आतून जाऊबाई तिला शोधत आल्या.

"बॅटरीचं काम चाललंय," आबा म्हणाले.

"रोज कशी उतरती वो बॅटरी?"

"जुनी गाडी हाय. तू जा आत."

मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी मला समोरच्या सोसायटीकडे बोट करून, तिथं त्यांची ज्वारी कशी उभी असायची ते सांगितलं. विहीर कुठे होती ते सांगितलं. मग मान न वळवता म्हणाले, "गाणं हाय म्हणं त्यात. ऐकू तर काय येत न्हाय."

"तिनं सांगितलं तुम्हाला?"

"सांगाया कशाला पायजे? काचंतनं दिसतंय की."

आबा पुढच्या हिवाळ्यात गेले. झोपेतच गेले. त्यांचं वर्षश्राद्ध झाल्यावर, घरासमोरचा रस्ता रुंद झालाच होता, तेव्हा अंगणात दुकानांचे गाळे काढायचं घरात ठरलं. शहाणपणाचाच निर्णय होता. ती स्वतःही हो म्हणाली. गाडी रस्त्यावर, गाळ्यांसमोर उभी राहू लागली. येणारा-जाणारा काचेत वाकून केस नीट करायचा. त्याच सुमारास सासूबाई पडल्या आणि त्यांना उठवायला-बसवायला माणूस लागू लागलं. तिनं नोकरी सोडली. मी म्हटलं, आधी थोडी सुट्टी घेऊन बघायचीस. म्हणाली, "त्यांना माझ्याच हातचं लागतं. ठेवलेल्या बाईला हात लावू देत नाहीत." त्यात अभिमान होता की थकवा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. आता तिचे सणावाराला फुलांचे फोटो येतात, खाली शुभेच्छा. मी फोन केला तर कुणीतरी दुसरंच उचलतं आणि सांगतं, ती कामात आहे.

नोकरी सोडायच्या थोडं आधी ती कर्वेनगरला माझ्याकडे आली होती. एकदाच. माझा मुलगा शिकायला बाहेरगावी गेलेला, त्याची खोली रिकामी. मीच मागे लागून बोलावलं होतं. म्हटलं, ये, इयरफोन न लावता वाजव, मोठ्यानं वाजव, शेजारी आले तर मी बघते. ॲम्प्लिफायरही मी शेजारच्या सोसायटीतल्या एकाकडून मागून आणला होता. ती गिटार घेऊन आली. खोलीभर फिरून पाहिलं. खिडकीतून बाहेर पाहिलं. पलंगाच्या कडेला बसली, तारा जुळवल्या, पक्कड बाजूला ठेवली.

"दार लावून घेऊ का?" तिनं मला विचारलं.

"घे की. आणि चहा झाला तरी मी हाक मारणार नाही."

मी स्वयंपाकघरात येऊन बसले. आता सुरू होईल, मग सुरू होईल. एकदोन सूर आले, मोठे, खणखणीत, की मीच दचकले. मग काही नाही. पुढचं सुचत असेल म्हणून मी थांबले. बराच वेळ गेला. शेवटी काळजी वाटून दार किंचित ढकललं.

ती झोपली होती. साडीचा पदर अंगावर ओढून, गुडघे पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. गिटार मुलाच्या टेबलावर नीट ठेवलेली होती आणि ॲम्प्लिफायरचा छोटा लाल दिवा तसाच चालू होता. इतकी गाढ झोपलेली मोठी बाई मी क्वचितच पाहिली आहे.

बाहेर सोफ्यावर तिच्या पर्समध्ये फोन वाजायला लागला. मी काढून पाहिला. तिच्या घरून होता. थांबला, पुन्हा वाजला. मी फोन घेऊन बाल्कनीत गेले, बाल्कनीचं दार ओढून घेतलं, आणि तो हातात तसाच वाजू दिला.