अकरावीत ढकललेला धडा

जामखेडच्या पुढे, ऊसतोडीला जाणाऱ्या गावातल्या शाळेत मी विज्ञान शिकवते. दहावीतला मानवी प्रजननाचा धडा आला की तिथे पूर्वी एकच रीत होती, "घरी वाचून या." मी रुजू झाले त्या वर्षी फळ्यावर आकृती काढली. पोरं माना खाली घालून हसली. पोरी हसल्यासुद्धा नाहीत. पण दिवाळीनंतर शिकवायचा तो धडा, आणि तोवर बाकं रिकामी व्हायला लागलेली असायची. कुणी आईबापाबरोबर टोळीत गेलेली, कुणाचं लग्न उरकलेलं.

अशीच मध्येच गेलेली एक विद्यार्थिनी मला पुढच्या उन्हाळ्यात स्टँडवर भेटली. पोट दिसत होतं. शेजारी तिची आई, तोडीवरून नुकतीच परतलेली.

"कितवा महिना गं?"

"काय की मॅडम."

"पाळी कधी चुकली, आठवतं का?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "त्याचा काय संबंध असतो?"

गाडी लागली, ती गेली. मी मात्र त्या जूनपासून पुस्तकातला क्रम मोडला. पहिला धडा हाच.

मग बातमी आली. शाळांचा विज्ञानाचा अभ्यासक्रम नव्याने ठरवायला विधानसभेत विधेयक येणार होतं, आणि त्याच्या मसुद्यात हा धडा दहावीतून काढून अकरावी सायन्सला टाकला होता. वयाला साजेसा नाही म्हणून. मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये ते मोठ्याने वाचून दाखवलं.

"सुटलात मॅडम. आता कुणाची तक्रार नाही, काही नाही."

"सर, आपल्या किती पोरी अकरावी सायन्सला जातात?"

त्यांनी पेपर घडी केला. "आपण शिकवणारे. ठरवणारे वर बसलेत."

मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला समिती नगरला येणार होती. मी जायचं ठरवलं. "जा, पण शाळेचं नाव घेऊ नका," एवढंच सर म्हणाले. मी रजा टाकली. निघायच्या आधी त्या मुलीच्या आईकडे गेले. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येते मी. बोलायची न्हाई, बसते निस्ती."

सभागृहात पुढच्या खुर्च्यांवर संस्थाचालक होते. माझा नंबर आला तेव्हा मी स्टँडवरचं बोलणं नाव न घेता जसंच्या तसं सांगितलं. मागे कुणीतरी खाकरलं. समितीचे अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुमची तळमळ कळते. पण खेड्यातल्या पालकांना हे रुचणार नाही. त्यांचाही विचार करावा लागतो."

माझ्या शेजारची खुर्ची सरकली.

"मी पालकच हाय," ती म्हणाली. डोक्यावरचा पदर सारखा केला. "मला कुनी सांगितलं न्हाई, माझ्या थोरलीला न्हाई. धाकटी नववीत हाय. तिला तरी कळू द्या. ह्यात लाजायचं काय हाय ओ?"

अध्यक्ष घोटभर पाणी प्यायले. "तुमच्या भावना वर पोचवू."

"भावना राहू द्या, साहेब," मी म्हणाले. "धडा पोचवा."

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसून झोपली. मला झोप येईना. इतकं चिडून आणि इतकं हलकं मला एकाच वेळी कधी वाटलं नव्हतं.

कायदा झाला. धडा दहावीतच राहिला. आमच्यासारखं आणखी कुणी कुणी बोललं असेल, ते मला माहीत नाही. फक्त एक ओळ वाढली होती, शिक्षकांनी स्थानिक परिस्थिती पाहून शिकवावा. सरांनी नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं.

"परिस्थिती पाहा म्हणतायत, मॅडम."

"पाहिलीय, सर."

जूनमध्ये मी आकृती काढायला घेतली तेव्हा ते वर्गाच्या दाराशी आले. "खिडक्या तरी लावून घ्या. रस्त्यानं माणसं जातात."

उकडत होतं. मी उरलेली एक खिडकीही उघडली आणि पोरींना वह्या काढायला सांगितल्या.