ओहायोचा लाडू

माझ्या हातचा लाडू वळत नाही. वळलाच तर टिकत नाही, आणि टिकलाच तर फुटत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी केलेले रव्याचे लाडू सासऱ्यांनी अडकित्त्याने कातरून खाल्ले आणि "सुपारीपेक्षा बरे" असा शेरा दिला. सासरे आता नाहीत, शेरा मात्र घराण्यात आहे.

म्हणून ओहायोवर माझा फार जीव. तिथे डेटनला आम्ही संसार मांडला, मुलगी तिथलीच. आमच्या रस्त्यावर मराठी बाई मी एकटीच, त्यामुळे स्वयंपाकात पहिला नंबर माझाच. पहिल्याच डिसेंबरात शेजारच्या बाईंनी मला बकाय नावाची मिठाई शिकवली. बकाय हे मुळात तिकडचं झाड. त्याचं बी तपकिरी, तुकतुकीत, आणि वर एक फिकट ठिपका, हरणाच्या डोळ्यासारखा, म्हणून नाव बक-आय. ते बी विषारी असतं. म्हणून ओहायोची माणसं त्याच्यासारखी दिसणारी मिठाई करून खातात. पीनट बटर, लोणी आणि पिठीसाखर एकत्र मळायची, गोळ्या वळायच्या, टूथपिकला टोचून पातळ केलेल्या चॉकलेटमध्ये बुडवायच्या, आणि वरचा नाण्याएवढा भाग उघडा सोडायचा. तो डोळा. चॉकलेटला चकाकी यावी म्हणून त्यात थोडं खायचं मेण किसून घालतात. पीनट बटर इतकं समजूतदार असतं की माझ्या हातातसुद्धा वळतं. मी आयुष्यात वळलेला पहिला गोल लाडू ओहायोचा होता.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नवऱ्याला सांता क्लाराच्या एका कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही फ्रीमाँटच्या टाउनहाउसमध्ये राहायला आलो. इथे मराठी घरं बरीच, आणि प्रत्येक घरात अळूवड्या करणारी एक बाई. माझा नंबर किती घसरला ते मी मोजलं नाही. मुलीला तर कॅलिफोर्निया मुळीच पटत नव्हतं. नऊ वर्षांची ती, बर्फ पडत नाही म्हणून हिवाळा खोटा आहे असं म्हणायची.

त्याच वर्षी सासूबाई पेणहून आल्या. जन्म पेणचा, सासरही पेणचंच, दोन आळ्या सोडून. त्यामुळे माणूस कुठून तरी कुठेतरी जातो हे त्यांना फारसं मान्य नव्हतं. भेटेल त्याला त्यांचा पहिला प्रश्न, "मूळचे कुठले?" पोस्टमनलाही माझ्याकडून विचारून घेतलं. तो म्हणाला, फ्रेस्नो. सासूबाई म्हणाल्या, "त्याच्या आधी?"

तर मुलीच्या वर्गात शिक्षिकेने जाहीर केलं, शुक्रवारी प्रत्येकाने आपल्या स्टेटचा पदार्थ आणायचा आणि घरच्यांनीही यायचं. वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाप दुसरीकडून आलेले, म्हणून ही कल्पना. मुलगी उठून म्हणाली, "मी ओहायोची." शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "तू ओहायोची नाहीस. तू इंडियाची आहेस."

शिक्षिका मायाळू. मी मुलीला घ्यायला गेले तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, तुमच्या देशाचं काही आणलंत तरी आम्हाला आनंदच होईल.  गॅरेजमध्ये गाडी थांबल्यावर मुलगी म्हणाली, "मॉम, मी इंडियाची असते तर पेणला गेलो तेव्हा तिथलं पाणी पिऊन मी आजारी पडले असते का?"



जेवताना नवऱ्याने या प्रकरणात हात घातला. "अगं, महाराष्ट्र पण स्टेटच आहे. चकली ने."

"डॅड, महाराष्ट्र तुमचं स्टेट. माझं ओहायो."

"आपण पेणचे," सासूबाई म्हणाल्या आणि आमटी वाढली.

मुलगी ताटाकडे बघत म्हणाली, "मी बकाय नेणार. बकाय बघितले की त्या मुलाला कळेलच."

एवढंच तिचं म्हणणं होतं. वाद नको, भाषण नको. टेबलावर बकाय ठेवायचे, आणि ते बोलतील.

मी तेव्हा एका डेंटिस्टकडे अपॉइंटमेंट द्यायचं काम करत असे. गुरुवारी सकाळी सगळं साहित्य ओट्यावर काढून ठेवलं आणि सासूबाईंना सांगून गेले की, "आई, मी पाचपर्यंत येते, मग करू." संध्याकाळी मुलीला घेऊन घरी आले तर दारातच वेलचीचा वास. ओट्यावर दोन ताटं, आणि त्यांत रांगेने लाडू. एकसारखे, एका मापाचे, साच्यातून काढल्यासारखे. पण वरपासून खालपर्यंत चॉकलेटमध्ये गुडुप.

सासूबाई पदराला हात पुसत म्हणाल्या, "झाले हो. त्या बटरला काही चवच नव्हती, मूठभर दाण्याचं कूट घातलं. वेलची घातली. आणि मेण कसलं घालता खाण्यात? ते टाकून दिलं. साजूक तूप घातलं, बघ कसे चकाकतात."

मुलगी रडली नाही. स्वयंपाकघरात खाली जमिनीवर बसली आणि तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "आजी, ह्याला डोळा नाही."

"कसला डोळा?"

मी झाड, बी, हरीण, सगळं सांगितलं. सासूबाईंनी शांतपणे ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "म्हणजे ते मुद्दाम असतं? तू ख्रिसमसला केले होतेस तेव्हा सगळ्यांचीच टाळू उघडी होती. मला वाटलं, तुला बुडवायलाही येत नाही. म्हटलं, पोरीच्या शाळेत तरी नीट जाऊ देत."

नवरा तेवढ्यात आला होता. त्याने तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलत होते.

"आता तो मुलगा म्हणेल, ही इंडियन स्वीट आहे," मुलगी जमिनीवरूनच म्हणाली. "आणि तो बरोबर असेल."

नवऱ्याने किल्ली उचलली. "मी दुसरं पीनट बटर आणतो. सगळे परत करू."

"बस खाली," सासूबाई म्हणाल्या. "इतके लाडू काय गटारात घालायचे? डोळाच हवा ना?"

त्या आपल्या खोलीत गेल्या आणि देवपूजेतली पळी घेऊन आल्या. पेणहून येताना सामानात त्यांनी ती स्वेटरच्या बाहीत गुंडाळून आणली होती. मी म्हटलं, "आई, देवाची पळी आहे ती."

"डोळे उघडायचेत तर हीच हवी," त्या म्हणाल्या.

पेणला त्यांच्या घरासमोरच गणपतीचा कारखाना. लहानपणापासून त्यांनी बघितलेलं, की मूर्ती घडते, वाळते, रंगते, आणि डोळ्यांची आखणी अगदी शेवटी, तीसुद्धा कारखान्यातल्या एखाद्याच हाताकडे. त्यांनी गॅसवर पाणी उकळत ठेवलं. पळी त्यात बुडवायची, पुसायची, तिची गोल पाठ लाडवाच्या माथ्याला अलगद टेकवायची, आणि विरघळलेलं चॉकलेट मऊ फडक्याने टिपून घ्यायचं. खालून पिवळसर गोल वर आला.

पहिला तिरळा झाला. तो मी खाल्ला. दुसरा झोपाळू झाला, तो नवऱ्याने. तिसऱ्या लाडवाने मात्र नीट आमच्याकडे बघितलं. मुलगी जमिनीवरून उठली, आजीच्या शेजारी स्टुलावर चढली, आणि फडकं तिने हातात घेतलं. मला त्या दोघींनी पाणी गरम ठेवण्याच्या कामावर नेमलं. माझ्या योग्यतेचंच काम होतं ते.

शुक्रवारी वर्गात बाकं जोडून लांब टेबल केलं होतं. टेक्सासची चिली, म्हणजे खिम्याचं तिखट कालवण, आयडाहोचे भाजलेले बटाटे, जॉर्जियाचा पीच-पाय, म्हणजे पीचचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ. चिलीत राजमा घालणं हे पाप आहे की नाही यावर दोन बाप हळू आवाजात पण मनापासून भांडत होते. आमच्या मराठी मंडळात पुरणपोळी गुळाची की साखरेची यावर भांडतात, तेव्हाचे चेहरे अगदी असेच असतात. आमच्या मुलीला इंडियाला पाठवणारा तो मुलगा कॅलिफोर्नियाचा. त्याने दुकानातून बेदाण्यांच्या डब्या आणल्या होत्या.

सासूबाई इस्त्रीची नऊवारी नेसून आलेल्या. मुलीने ताट टेबलावर ठेवलं, सगळे डोळे छताकडे फिरवले आणि ती मागे उभी राहिली.  त्या मुलाने ताटाकडे बघितलं, सासूबाईंच्या नऊवारीकडे बघितलं, आणि तोंड उघडलं.

तेवढ्यात वर्गातल्या एका मुलीचे आजोबा पुढे आले. उंच, किंचित वाकलेले, हातात कागदाची प्लेट. ताटासमोर थांबून म्हणाले, "अरे, बकाय."

 माझ्या हातात मुलीचा हात होता, तो एकदम घट्ट झाला.

आजोबांनी एक उचलून तोंडात टाकला. चावता चावता थांबले. वेलची लागली होती, मला तो क्षण चेहऱ्यावरून ओळखता येतो.

"ओहायोत कुठल्या तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"डेटन," मुलगी म्हणाली.

"मी टोलीडोचा." त्यांनी आणखी थोडं चघळलं. "ह्यात काहीतरी आहे. माझी आई करायची त्यात हे नसायचं."

मी सगळा खुलासा करायला घसा साफ केला. पण मुलगी माझ्या आधी बोलली, आणि मान वर करून बोलली. "ओहायोच्या आमच्या भागात वेलची घालतात."

आजोबांनी यावर खरोखर विचार केला. मग नातीकडे वळून म्हणाले, "दक्षिणेकडे करत असतील असं," आणि दुसरा उचलला.

त्या मुलानेही एक घेतला. खाऊन म्हणाला, "वेलची म्हणजे काय?"

"ओहायोत मिळते," मुलगी म्हणाली.

सासूबाई कधीपासून माझी बाही ओढत होत्या. "काय म्हणतात ते? मूळचे कुठले?"

"टोलीडोचे, आई. आमच्या डेटनहून दोन-अडीच तासांवर."

"म्हणजे आपल्याकडचेच की," सासूबाई म्हणाल्या, आणि त्या गृहस्थांना न विचारता त्यांच्या प्लेटमध्ये आणखी दोन लाडू वाढले, डोळे वर करून.