समोरच्या फ्लॅटमधले भावोजी

आखातात, अल मनखूल भागातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये आमच्या समोर सांगलीकडचं एक जोडपं राहायचं. दोन्ही दारं दिवसभर उघडीच. तिच्या फोडणीचा वास आमच्याकडे, आमच्या बोंबलांचा तिच्याकडे. ती मला ताई म्हणायची, मी तिच्या नवऱ्याला भावोजी. माझ्या मुलीला सायकल त्यांनीच शिकवली. उन्हं उतरली की मागच्या पार्किंगमध्ये सीट धरून धावायचे, ओरडायचे, "यल्ला, चल चल, पुढे बघ, माझ्याकडे नको!" तसा शेजार पुन्हा लाभला नाही.

एका सुट्टीच्या सकाळी साध्या कपड्यांतले पोलीस आले. आरडाओरडा नाही, ओढाताण नाही. चपला घालता घालता भावोजी मला म्हणाले, "वहिनी, हिच्याकडे बघा जरा." आम्हाला वाटलं, व्हिसाची भानगड असेल.

हळूहळू कळलं ते भलतंच. भावोजी दुसऱ्याच्या पासपोर्टवर राहत होते. भारतातल्या एका बॉम्बस्फोटाच्या खटल्यात ते फरारी होते. स्फोटकं ठेवायला त्यांनी खोली दिली होती. तिकडून बोटांचे ठसे आले, इथल्या पोलिसांनी ते जुळवले आणि त्यांना भारताच्या ताब्यात दिलं.

ती माझ्या स्वयंपाकघरात बसून राहिली. चहा गार होऊन गेला.

"ताई, तुम्हाला कधी शंका आली होती?"

"नाही गं."

"मलाही नाही. लग्नात ज्या नावाचा उखाणा घेतला, ते नावसुद्धा त्यांचं नव्हतं."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पुढच्या आठवड्यात तिचा भाऊ येऊन तिला घेऊन गेला.

कोर्टात गुन्हा शाबीत झाला. माझे यजमान म्हणाले, "दोन देशांनी हात मिळवले म्हणून सापडला. नाहीतर आणखी किती घरं गेली असती!" खरंच होतं ते. त्या स्फोटात गेलेल्यांनाही शेजारीपाजारी असतीलच की. तरी कितीतरी दिवस समोरच्या बंद दाराकडे बघितलं की मला रडू यायचं, आणि ते कुणासाठी, हे मलाच कळत नसे.

ती आता माहेरच्या गावी बालवाडीत शिकवते. दिवाळीला फोन येतो. भावोजींचा विषय दोघीही काढत नाही. यंदा मात्र बोलता बोलता तिनेच विचारलं.

"तिथले दिवस चांगले होते ना, ताई?"

"चांगलेच होते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?