उताणा दगड

बेटावरच्या सागरी अभ्यासवर्गाहून शलाका बदलापूरला परतली, तेव्हा बाबा वांगणीहून आलेल्या मामांना मोबाइलवर तिचा व्हिडिओ दाखवत होते. ओहोटीच्या खडकांत ती एक दगड उलटून त्याखालचे इवले जीव दाखवत होती.

"ही आमची समुद्रकन्या!"

"विहिरीत उतरायला घाबरायची ती हीच का?" मामा हसले.

शलाकाला बेटावरचा तो दिवस आठवला. पाहून झालं की दगड होता तसा पालथा ठेवायचा, हा तिथला पहिला नियम. घरच्यांसाठी व्हिडिओ काढायच्या हौसेत ती तो विसरली. दुसऱ्या दिवशी दगडाला चिकटलेली अंडी उन्हाने वाळून गेली होती. अभ्यासवर्गाच्या मॅडमनी विचारलं, तेव्हा ती गप्प राहिली. त्या जागेची जबाबदारी तिच्या गटातल्या विनीतवर होती, म्हणून सगळ्यांदेखत बोलणी त्याने खाल्ली.

"शेवटी हात कशी हलवते बघा!" बाबांनी व्हिडिओ पुन्हा लावला. त्या हातामागे दगड तसाच उताणा दिसत होता.

शलाकाने स्वतःच्या मोबाइलवरून तो व्हिडिओ मॅडमना पाठवला. खाली लिहिलं, "दगड मी तसाच सोडला. विनीतने नाही."

"कुणाला पाठवलास गं?" बाबांनी विचारलं.

"मॅडमना."

"शाब्बास! त्यांनाही कळू दे," बाबा म्हणाले.