बसणारी आणि वल्हवणारी

माझी बहीण रूना हिनं जन्मात कधी वल्हं हातात धरलं नाही. तरी आमच्या बेटावर कोणालाही विचारा, त्या घरातली सोसणारी कोण, तर लोक तिचंच नाव घेतील. सोसणारी म्हणे! तिच्या चुलीसाठी लाकडं मी फोडली, जाळी मी ओढली, हिवाळ्यात बर्फावरून दळण मी आणलं. माझं नाव कोणाच्या तोंडी नाही. पण तिची गोष्ट सांगायची तर मीच सांगू शकते, कारण तिच्याकडे माझ्याइतकं टक लावून दुसऱ्या कोणी पाहिलेलं नाही. जळणाऱ्या माणसाची नजर फार बारीक असते.

फिनलंडजवळच्या ओलांद द्वीपसमूहात, आमच्या बाजूच्या बेटांवर काही घरं ‘वाहणारी’ म्हणून ओळखली जातात. आमचं त्यातलंच. या घरांत कोणाचा घोळणा फुटला की दिवसभर थांबत नाही, दात पडला की उशी भिजते. आमचा थोरला भाऊ अल्गोत चालायला शिकताना पडला, जीभ चावली गेली आणि तेवढ्यावर तो गेला. म्हणून वाहणाऱ्या घरात पहिला दुधाचा दात आपोआप पडू देत नाहीत. आई तो दोरा बांधून काढते, तोंडात कापडाचा बोळा देते आणि शेजारी बसून राहते. सकाळपर्यंत रक्त थांबलं तर मूल वल्हवणारं. नाही थांबलं तर बसणारं. बसणाऱ्या मुलाला चुलीजवळची खुर्ची मिळते, आणि ती मरेपर्यंत त्याची.

ती खुर्ची रूनाला मिळाली. मी दोन वर्षांनी मोठी. माझा दात तिच्या आधी काढला असणार, मला काही तो आठवत नाही. आई विचारणाऱ्याला एवढंच सांगायची, “एड्लाचं रक्त चांगलं आहे.” दुसऱ्या मुलींना चांदीच्या पिना मिळाल्या, मला हे वाक्य मिळालं. मी ते दागिन्यासारखं मिरवलं.

रूनाला आईनं तळहाताच्या फोडासारखं जपलं. तिच्या खुर्चीला पिसांची उशी, तिच्या टेबलाच्या कडांना लोकरीची पट्टी. रविवारी वेलची घातलेला रव्याचा जाड पॅनकेक व्हायचा, त्यावर आलुबुखारचा पाक. मधला मऊ तुकडा तिचा, कारण कडेच्या कडक तुकड्यानं हिरडी फुटेल. कडेचे चारही तुकडे माझे. बाबा गव्हाच्या जहाजावर होते. ते दोन वर्षांनी परत आले तेव्हा तिला निळी रेशमी फीत मिळाली, मला जाळी विणायची नवी सुई. मी ती सुई रूनासमोर बसून मुद्दाम जोरजोरात चालवायची.

“मला पण शिकव ना,” ती म्हणायची.

“टोचलं तर मरशील. बस तिथे.”

बसायची बिचारी. बिचारी हा शब्द बेटावरच्या बायकांचा आहे, माझा नव्हे.

अंगावर काळेनिळे डाग मलाही असायचे, मांड्यांवर, दंडांवर. वल्हवणाऱ्याला डाग असायचेच, असं मी धरून चालले होते. महिन्याच्या दिवसांत रूना आठवडाभर अंथरुणात, आई तिला गरम रस्सा पाजतेय. मलाही तेवढंच जायचं. मी दुप्पट कापडं बांधून होडीत बसायची. मला वाटायचं सगळ्याच बायकांचं असंच असतं. रूनाला सहन होत नाही, कारण ती रूना आहे, आणि मला होतं, कारण माझं रक्त चांगलं आहे. कोणाला विचारणार? आमच्या घरात रक्त हा विषय तिच्या मालकीचा होता.

मग एवाल्ड आला. पलीकडच्या बेटावरचा, लांब हातांचा, कमी बोलणारा. त्या वर्षीच्या हेरिंग माशांच्या हंगामात तो माझ्या होडीत होता. आम्ही पुढे-मागे बसून महिनाभर एकाच तालात वल्हवलं, आणि आता याच्या तोंडून काही निघेल, असं मला रोज वाटायचं. निघालं एकदाचं.

“तुझी बहीण थंडीत बाहेर येत नाही का कधी?”

लग्नाच्या दिवशी त्यानं तिला चर्चच्या पायऱ्यांवरून उचलून खाली आणलं, निसरडं होतं म्हणून. बेटावरच्या बायकांनी डोळे पुसले. मी भाकरीच्या टोपल्या उचलत होते. एक टोपली खाली ठेवून मी आडोशाला जाऊन उभी राहिले. कोणी पाहिलं नाही. एवाल्ड आमच्याच घरी राहायला आला. तीस वर्षं मी त्याला रोज दुसऱ्या खोलीत जाताना पाहिलं, आणि तो वारला तेव्हा सांत्वन तिचं झालं.

म्हातारपणी तरी दोघी सारख्या होऊ अशी माझी समजूत होती. म्हातारी म्हणजे म्हातारी. पण रूनानं तिथेही पुढचा नंबर लावला. मागच्या शरद ऋतूत तिला पोटातून रक्त जायला लागलं. नाक नाही, हिरडी नाही, थेट आतडं. नर्स आली, मग बोट आली, मग मारियाहाम्न शहरातल्या दवाखान्यात तिला खिडकीजवळची खाट मिळाली. बेटावरून फुलं आली. लोकांनी मला धक्क्यावर अडवून विचारलं, “रूना कशी आहे?” मी लाकडाची मोळी घेऊन चढ चढताना दोनदा बसले होते, ओठ पांढरे पडले होते, ते कोणाच्या नजरेत आलं नाही.

मी तिला भेटायला गेले. तिथली डॉक्टर तरुण, मुख्य भूमीवरची, शांतपणे बोलणारी बाई होती. ती म्हणाली की रूनाला रक्त द्यावं लागतंय.

मी बाही वर केली. “माझं घ्या. सख्खी बहीण आहे. माझं रक्त चांगलं आहे.”

काय सुख होतं त्या वाक्यात! रूना उशीवरून बघत होती. तिच्या अंगात माझं रक्त जाईल, आणि यापुढे ती श्वास घेईल तो माझ्या जोरावर, हे तिला मरेपर्यंत ऐकवायचं मी मनात ठरवूनही टाकलं होतं.

डॉक्टर हसली. “आजी, तुमच्या वयाच्या माणसाचं आम्ही घेत नाही. पण तुम्ही इतक्या पांढऱ्या का दिसताय?” तिनं माझं बोट टोचलं. नंतर दंडातून नळीभर काढून घेतलं. बोटाला लावलेला कापूस भिजला, दुसरा लावला, तोही भिजला. रूना त्या कापसाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं मला खुर्ची दिली. “तुमच्या अंगात तुमच्या बहिणीपेक्षाही कमी रक्त आहे.”

खरं सांगते, पहिल्यांदा मला बरं वाटलं. एकदा तरी मी तिच्या पुढे गेले होते.

“रक्तात एक चिकट पदार्थ असतो,” डॉक्टर म्हणाली. “तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातच तयार होतो. कुठे फाटलं की तो तिथे चिकटतो, आणि त्याला धरून रक्त गोठायला लागतं. तुमच्या घराण्यात तो नीट बनत नाही. तुटका असतो.”

“कुजक्या दोरीसारखा.”

“तसंच. पण गोठवणं एवढंच त्याचं काम नाही. रक्तवाहिन्यांवर त्याचा वचक असतो. नवी वाहिनी कुठे फुटायची, किती वाढायची, हे आवरायला तोही लागतो. तो धड नसला की वय वाढेल तशा आतड्याच्या भिंतीत बारीक वाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात. पातळ, एकमेकींत गुंतलेल्या. त्या गळत राहतात, आणि ते गळणं थांबवणाराही तोच, तोही तुटका. बहिणीचं एकदम गेलं म्हणून कळलं. तुमचं थेंब थेंब जातंय, बहुतेक कित्येक वर्षं. शौचाला काळं होतं का?”

“काळा पाव खाते, उन्हाळाभर ब्लूबेरी खाते. काळंच होणार.”

“पावानं असं होत नाही, आजी.”

मी म्हटलं, तुमची चूक होतेय. आमच्या घरात बसणारी ती आहे, मी वल्हवणारी. डॉक्टरला ते शब्द कळले नाहीत. तिनं मला रूनाच्या शेजारची खाट दिली, दोघींच्या हातांत सारख्या सुया खोचल्या, वर सारख्या बाटल्या टांगल्या. तो न तुटलेला पदार्थ दुसऱ्या कोणाच्या रक्तातून काढून आमच्यात सोडत होते. आतल्या गळत्या जागा नळी घालून बंद करणार होते. बऱ्या होणार होतो दोघी. मी मात्र भिंतीकडे तोंड करून पडले. आयुष्यभर मी एक गोष्ट जवळ बाळगली होती. तिला फीत, तिला मऊ तुकडा, तिला एवाल्ड, पण चांगलं रक्त माझं. आता तेही उरलं नाही.

“एड्ला,” रूना म्हणाली. “मला माहीत होतं.”

मी वळले नाही.

“आईनं शेवटच्या आजारात सांगितलं. तुझा दात तिनं घरी काढलाच नव्हता. तुला मावशीकडे चोकार बेटावर नेलं होतं, कोणाला कळू नये म्हणून. आठवडाभर तुझं रक्त थांबत नव्हतं.”

मावशीचं घर मला आठवत होतं. घशाचा आजार झालाय म्हणे. आईची मांडी, चमच्यानं गार दूध, आणि आई फक्त माझी. मी लहानपणातला तेवढाच एक आठवडा आयुष्यभर पुरवून खाल्ला होता.

“मग मला खुर्ची का नाही दिली?”

“बाबा जहाजावर. अल्गोत गेलेला. पुढे माझंही तसंच निघालं तर, ही भीती. दोघी बसल्या असत्या तर जाळं कोण ओढणार होतं? आई म्हणाली, एड्लाला सांगितलं तर ती घाबरेल, आणि घाबरलेली पोर होडीतून पडते.”

“आणि तू? आई जाऊन वीस वर्षं झाली. तुझ्या तोंडाला काय झालं होतं?”

रूनानं आयुष्यात माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही, तेवढं तिचं मान्य करायला हवं.

“खुर्ची एकच होती,” ती म्हणाली. “तुला कळलं असतं तर मला उठावं लागलं असतं. आणि मला राग होता तुझा.”

आता मात्र मी वळले. “तुला? माझा?”

“तू समुद्रावर गेलीस की आई मला पॅनकेक वाढायची, उशी सारखी करायची आणि बाहेर जायची. धक्क्यावर. तू येईपर्यंत. वादळात, बर्फात. मी खिडकीतून बघायची, तिची पाठ दिसायची. एड्ला, माझ्या सगळ्या लहानपणात मला आईची पाठच दिसली.”

“मासे बघायला यायची ती,” मी म्हटलं. “किती मिळाले ते बघायला.”

“बरं,” रूना म्हणाली, आणि तिनं डोळे मिटले.

मी बाटलीतून पडणाऱ्या थेंबांकडे बघत राहिले. आई धक्क्यावर असायची खरी. मी होडी बांधेपर्यंत थांबायची. मग खाली वाकायची, माझे दोन्ही हात धरून उलटेपालटे करायची, बोटं एकेक उलगडून बघायची. मला वाटायचं तिला घाई झालीय. मी हात सोडवून घ्यायची आणि माशांची टोपली तिच्यापुढे धरायची.