लाल गोलातली तारीख

कपाट आवरताना सनस्क्रीनची न उघडलेली ट्यूब हाती लागली, आणि माधव नगरच्या घरातलं स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर आठवलं. बाबा पॅरालिसिसने पडून होते, आई थकून गेली होती, आणि मी घरात न सांगता बुक केलेल्या महिनाभराच्या क्रूझची वाट बघत होते. निघायच्या तारखेला मी लाल गोल केला होता. आईला वाटलं, मी महाकालला अभिषेकाचा नवस बोलले आहे. "अहो, पोरीने तुमच्यासाठी तारीखसुद्धा धरली," तिने बाबांना सांगितलं. बाबा रोज अडखळत विचारायचे, "किती दिवस बचले, बेटा?" मी कॅलेंडर न बघताच सांगायचे. शेवटी क्रूझ रद्द केली, अभिषेक केला. आई अजून सगळ्यांना सांगते, माझी लेक बापासाठी एकेक दिवस मोजत होती. मोजत तर होतेच.